पाइपामागचं कडं

तेलाच्या विहिरीत सिमेंट कशाला लागतं, असं लग्नाकार्यात कुणी विचारलं की मला आधी विहिरीचं चित्र दुरुस्त करावं लागतं. लोकांच्या डोळ्यांपुढे गावची विहीर असते, रुंद, बांधीव, पायऱ्यांची. तेलाची विहीर म्हणजे वर हातभर रुंद आणि तळाशी जेमतेम वीतभर असं भोक, दोन-तीन किलोमीटर खोल. त्यात पोलादी पाइप सोडतात, त्याला केसिंग म्हणतात. हा पाइप आणि बाहेरचा खडक यांच्यामध्ये पाऊण ते दोन इंचांची पोकळी उरते. ती पोकळी सिमेंटने भरायची. पाइपाभोवतीचं ते कडं घालणं ही माझी सगळी नोकरी.

हे कडं दोन कामं करतं. पाइप धरून ठेवतं, आणि वरचं पाणी, खालचं तेल, मधला गॅस यांना एकमेकांत मिसळू देत नाही. पहिलं काम सोपं आहे. दुसरं विहीर चालू असेपर्यंत तर करायचंच, पण विहीर बंद करून वर झाकण ठोकल्यावरही करत राहायचं. आणि हे कडं कुणालाच दिसत नाही. इमारतीला तडा गेला तर घरमालक बोट दाखवतो. इथे तडा गेलाय हे कळतं ते वर्षा-दोन वर्षांनी, विहिरीच्या तोंडावरच्या गेजचा काटा विनाकारण चढू लागला म्हणजे.

मी मुळात स्थापत्यवाला, सांगलीला शिकलेला. आमच्या प्रयोगशाळेत 15 सेंटिमीटरचे काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, पाण्यात बुडवून ठेवायचे आणि 7 व्या व 28 व्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे. फुटताना काटा जिथे थांबला ती त्याची ताकद. सिमेंटचं सगळं चारित्र्य त्या एका आकड्यात. पुढे तेलाच्या धंद्यात आलो तेव्हा तिथेही हाच आकडा गादीवर बसलेला दिसला. तो तिथे कसा बसला आणि त्याला कुणी प्रश्न विचारायला नव्वद वर्षं का लागली, त्याची ही हकिगत.

सुरुवातीला सिमेंट नव्हतंच. 1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला एडविन ड्रेकला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं आणि पाठोपाठ शेजारीपाजारी सगळ्यांनी भोकं पाडायला घेतली. लगेच पहिली अडचण आली ती पाण्याची. वरच्या थरांतलं पाणी खाली उतरायचं आणि तेल दाबून टाकायचं. त्यावर त्या लोकांनी काढलेला तोडगा मला आजही फार हुशारीचा वाटतो. चामड्याच्या पिशवीत जवस भरायचा, ती पिशवी पाइपाभोवती आवळायची आणि पाण्याच्या थराखाली नेऊन बसवायची. भिजून जवस फुगला की पिशवी भोकाच्या भिंतीला घट्ट दाबून बसायची. यात ताकद वगैरे काही नव्हतं. फुगून भिंतीला रेटणं एवढंच होतं, आणि तेवढं पुरायचं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

सिमेंट विहिरीत उतरलं 1903 साली, कॅलिफोर्नियात लोम्पोकच्या तेलक्षेत्रात. युनियन ऑइल कंपनीच्या फ्रँक हिलला तेलाच्या वाळूच्या वर तीसेक फुटांवर पाण्याची वाळू लागली होती. त्याने 50 पोती साधं पोर्टलँड सिमेंट कालवलं, बेलरने, म्हणजे दोराला बांधलेल्या लांब बादलीने, तळाशी ओतलं आणि 28 दिवस थांबला. मग मधलं घट्ट सिमेंट फोडून पुढे भोक पाडलं. पाणी बंद झालं होतं. हे 28 दिवस वाचून कुठलाही स्थापत्यवाला गालात हसेल. ही मुदत आमच्याच आळीतली.

1910 मध्ये कॅलिफोर्नियातच पर्किन्सने दोन प्लगांची, म्हणजे बुचांची, पद्धत आणली. पाइपातून आधी एक प्लग सोडायचा, त्यामागे सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, तिच्यामागे दुसरा प्लग, आणि त्यामागे पंपाने ड्रिलिंगचा चिखल रेटायचा. स्लरी पाइपाच्या तळातून बाहेर पडून पोकळीत वर चढते. वरचा प्लग तळाशी बसला की पंपाचा दाब एकदम उसळतो, म्हणजे काम झालं. शंभरहून जास्त वर्षं होऊन गेली, साहित्य बदललं, पंप बदलले, पण 'प्लग बसला' हा क्षण तोच आहे. मुंबई हायच्या डेकवर त्या उसळीची वाट बघताना तेल कंपनीच्या माणसापासून खलाशापर्यंत सगळे एकाच काट्याकडे डोळे लावून उभे असतात.

पर्किन्सकडे काही काळ काम करून बाहेर पडलेल्या एका तरुणाने 1919 मध्ये टेक्सास-ओक्लाहोमात स्वतःचा धंदा थाटला. गाडी, खेचरं, पंप, सगळं उसनं. सिमेंट कालवायला लाकडी पेटी. त्याचं नाव अर्ल हॅलिबर्टन. पुढची गोष्ट जगाला माहीत आहे, ती मी सांगत बसत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की सिमेंट भरणं ही आता भाड्याने मिळणारी सेवा झाली. सेवा घेणारा घड्याळ बघतो. रिगचं भाडं दिवसावर असतं. सिमेंट घट्ट होईपर्यंत रिग नुसती उभी. म्हणून 28 दिवसांचे 72 तास झाले, 72 चे 24 झाले, आणि पुढची सगळी संशोधनबुद्धी एकाच प्रश्नाला जुंपली गेली: किती लवकर घट्ट होईल?

या प्रश्नाची उत्तरं उत्तम मिळाली, हे मोकळेपणाने सांगायला हवं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने 1937 मध्ये विहिरीच्या सिमेंटसाठी समिती नेमली. स्लरीला खालचं तापमान आणि दाब देऊन ती किती वेळ पंपाने ढकलता येते हे मोजणारी यंत्रं आली. मग ए, बी, सी करत जी आणि एच असे वर्ग ठरले. 110 अंश सेल्सिअसच्या वर साधं सिमेंट हळूहळू ठिसूळ आणि सच्छिद्र होतं, म्हणून त्यात 35 टक्के बारीक सिलिका घालायची, हे कळलं. 1946 मध्ये फॅरिसने दाखवलं की पाइप तोलायला सिमेंटला ओढ सोसण्याची फक्त 8 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) इतकी ताकद पुरते. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. धंद्याने सुरक्षित बाजू म्हणून 500 पीएसआय दाब सोसण्याची ताकद हा अंगठ्याचा नियम धरला: 500 झालं की पुढचं ड्रिलिंग सुरू. यात चूक काही नव्हती. पण हळूहळू असं झालं की 500 बरं तर 2,000 अधिक बरं आणि 5,000 सर्वांत उत्तम. पाइप धरण्याच्या कामाचा मापदंड वाट अडवण्याच्या कामालाही लावला गेला, आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आमच्याकडे 1974 च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या रिगने मुंबई हायला तेल शोधलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात एक नवं गाव वसलं. जुहूवरून हेलिकॉप्टर, न्हाव्याहून बोटी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं की समुद्रात सगळं परकं असेल. निम्मा डेक कोकणी निघाला. गुहागर, दापोली, श्रीवर्धन. सिमेंट युनिटवर आम्ही काम करायचो तेव्हा राखाडी धुळीने भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि मेसमध्ये कुणीतरी हमखास म्हणायचं, "आले गिरणीवाले."

सिमेंट भरण्याचा जॉब चालू असताना दर थोड्या वेळाने स्लरीचा नमुना कागदी कपात घ्यायचा आणि युनिटच्या कडेला ओळीने मांडून ठेवायचा, ही जगभरची रीत. काही तासांनी प्रत्येक जाणारा-येणारा त्यात बोट खुपसून जातो. एकदा एका तरुण पंप ऑपरेटरने कप रेलिंगवर आपटून दाखवला.

"काका, दगूड झालाय हो. आता खाली काय ऱ्हायलंय व्हायचं?"

"कप वाऱ्यावर आहे," मी म्हटलं, "खाली त्याला कोण दाबतंय ते कपाला ठाऊक नाही."

पुढचं मी त्याला चहा घेत सांगितलं. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं पाणी याच ठिकाणी मुरतं.

स्लरी पातळ असते तोवर ती द्रवासारखी वागते आणि आपल्या वजनाने पाइपाला व खडकाला सारखी रेटते. जी वर्गाच्या स्लरीची घनता पाण्याच्या सुमारे 1.9 पट, दोन हजार मीटर खोलीवर तिचा दाब साधारण 5,400 पीएसआय होतो. हा दाब खडकातल्या गॅसला आत येऊ देत नाही. पण स्लरी आळायला लागली की ती दोन्ही भिंतींना चिकटून लोंबकळते. स्वतःचं वजन खाली पोचवेनाशी होते. दाब उतरतो, आणि नुसत्या पाण्याच्या स्तंभाइतका होतो, म्हणजे त्याच खोलीवर 2,850 च्या आसपास. 1983 मध्ये एक्सॉनच्या कूक आणि सहकाऱ्यांनी केसिंगच्या बाहेरच्या अंगाला संवेदक बांधून खऱ्या विहिरींत ही उतरण मोजली आणि प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेतले लोक जे आधीपासून म्हणत होते ते विहिरीने मान्य केलं.

एवढ्यावर थांबत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून जे तयार होतं त्याचं आकारमान मुळातल्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी भरतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए याने ही गोष्ट विसाव्या शतकाच्या तोंडावरच नोंदवून ठेवली होती. पूर्ण मुरलेल्या सिमेंटात ही घट 4 ते 6 टक्के असते. तिचा बराचसा भाग आतल्या सूक्ष्म छिद्रांत जिरतो, थोडा बाहेरच्या मापात दिसतो. जमिनीवर आपण स्लॅबवर आळी करून पाणी भरतो, सिमेंट हवं तेवढं पिऊन घेतं. विहिरीत बाहेर शेल, म्हणजे पाणी न सोडणारा चिकणमातीचा खडक, असेल, किंवा एका केसिंगमध्ये दुसरं केसिंग असेल, तर पाणी देणार कोण? सिमेंट स्वतःच्याच छिद्रांतलं पाणी ओढून घेतं आणि आतला दाब आणखी घसरतो. म्हणजे ज्या क्षणी हे कडं घन होतं त्या क्षणी ते पाइपाला आणि खडकाला किती जोराने दाबून बसलेलं आहे, हे त्या काही तासांत ठरतं. 5,400 ने दाबलेलं? 2,850 ने? की जवळजवळ शून्याने? कपातला दगड यातलं काही सांगत नाही.

हा जन्माच्या वेळचा ताण का महत्त्वाचा? कारण नंतर विहीर स्वस्थ बसत नाही. आपण केसिंगची दाबचाचणी घेतो, तेव्हा पाइप फुगतो आणि कड्याला बाहेर रेटतो. कडं परिघाने ओढलं जातं. सिमेंट दाब पुष्कळ सोसतं, ओढ त्याच्या दशांश सोसते. आत आधीच दाबाची शिल्लक असेल तर ती आधी खर्च होते आणि कडं वाचतं. शिल्लक नसेल तर उभा तडा जातो. उलट, जड चिखल काढून हलकं पाणी भरलं की पाइप आत बसतो आणि सिमेंटपासून सुटतो. केसापेक्षा बारीक फट पडते, तिला आम्ही मायक्रोॲन्युलस म्हणतो. गॅसला तेवढी वाट पुरते. मुंबई हायसारख्या क्षेत्रात विहिरी गॅस लिफ्टवर चालतात, म्हणजे केसिंगमध्ये दाबाखाली गॅस सोडून तेल वर उचलायचं. गॅस चालू, गॅस बंद, प्रत्येक वेळी पाइप थोडा फुगतो, थोडा बसतो. वर्षानुवर्षं.

सिमेंटचा बॉण्ड, म्हणजे पकड, मोजणारं ध्वनीचं लॉग, म्हणजे विहिरीत यंत्र सोडून खोलीनुसार घेतलेली नोंद, 1960 च्या सुमारास आलं. ते चालवताना एक जुनी युक्ती करतात: पहिली फेरी साधी, दुसरी केसिंगमध्ये हजारेक पीएसआय दाब देऊन. दाब दिल्यावर लॉग सुधारलं तर फट आहे, पाइप फुगून ती तात्पुरती मिटली. अशा लॉगवरून वाद होताना मी खूप ऐकले. दाबाखालचं लॉग फाइलला लावायचं आणि साधं बाजूला ठेवायचं, असा आग्रह धरणारेही भेटले. विहीर मात्र पुढे बिनदाबाच्या अवस्थेतही नांदणार असते, हे त्यांना सांगून पटायचं नाही.

आता त्या गादीवरच्या आकड्याकडे येतो. 1992 मध्ये गुडविन आणि क्रूक या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाइपात पाइप, मधल्या पोकळीत सिमेंट, आतला पाइप तापवायचा आणि टप्प्याटप्प्याने दाबाने फुगवायचा, आणि कडं कधी गळायला लागतं ते बघायचं. धंदा ज्यांना सर्वोत्तम म्हणत होता ती जास्त ताकदीची, ताठर सिमेंटं आधी फुटली. कमी ताकदीची, जरा लवचिक सिमेंटं अधिक टिकली. काचेची बांगडी लाखेच्या बांगडीपेक्षा कडक असते, तसंच हे. कासारणीला जे माहीत होतं ते आम्हाला 1992 ला कळलं. 1997 मध्ये मार्क थिएर्सलँ आणि सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं: नुसती ताकद बघून उपयोग नाही, सिमेंटचा ताठरपणा बाहेरच्या खडकाच्या ताठरपणाशी ताडून बघावा लागतो. पाठीशी कडक चुनखडक असेल तर कडं निभावून जातं, मऊ शेल असेल तर त्याला टेकायला जागाच नसते.

त्याच सुमारास अमेरिकेच्या किनाऱ्याने हिशेब मांडला. मेक्सिकोच्या आखातातल्या विहिरींचा लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी सरकारसाठी अभ्यास केला, तेव्हा 8,000 हून जास्त विहिरींत केसिंगमागे असा दाब आढळला की जो सोडून दिला तरी पुन्हा चढतो. सगळाच दोष सिमेंटच्या ताणाचा नव्हे. काही ठिकाणी गळके जोड, काही ठिकाणी मुळातच वाईट भरलेलं सिमेंट. पण यातल्या पुष्कळ विहिरींचे जॉब रिपोर्ट त्या-त्या दिवशी उत्तम शेऱ्याने मंजूर झाले असणार, याबद्दल मला शंका नाही. असे शेरे मीही पुष्कळ वाचले आहेत.

इथे लोक मेक्सिकोच्या आखातातल्याच मॅकाँडो विहिरीचं नाव काढतात. 20 एप्रिल 2010, स्फोटात अकरा माणसं गेली, 87 दिवस तेल समुद्रात वाहत राहिलं. पण ती गोष्ट वेगळी आहे. तिथलं नायट्रोजनने फेसाळलेलं सिमेंट पहिल्याच दिवशी वाट अडवू शकलं नाही. वर्षानुवर्षांच्या ताणाने थकायला त्याला सवडच मिळाली नाही. मी जे सांगतोय त्याला मोठी बातमी नसते. कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅनियनच्या गॅससाठ्याची गळती, 2015 च्या ऑक्टोबरपासून 2016 च्या फेब्रुवारीपर्यंतची, हीसुद्धा याची सख्खी नव्हे, चुलत बहीण. 1953 च्या विहिरीत केसिंगमागे फक्त तळाशी सिमेंट होतं. वरचा पाइप भूजलात उघडा राहून बाहेरून गंजला. 1953 ला तेवढं पुरेसं समजत होते.

1990 च्या दशकानंतर लवचिक सिमेंटं बाजारात आली. दळलेल्या टायरचं रबर, लॅटेक्स, धागे, फेस. ताठरपणा उतरला, तसा ताकदीचा आकडाही उतरला, आणि तिथेच घोडं अडलं. निविदा उघडणारा माणूस कागदावर 3,500 च्या शेजारी 1,200 बघतो आणि कपाळाला आठ्या घालतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या तक्त्यात रकानाच तेवढा एक असतो.

दुसरी वाट फुगणाऱ्या सिमेंटची. मॅग्नेशियम ऑक्साइडसारखं काही घालून घट्ट झाल्यावर ते हलकंसं फुगवायचं, म्हणजे भिंतींवर दाब परत येतो. जवसाच्या पिशवीचीच ही कल्पना, दीडशे वर्षांनी रसायनशाळेतून फिरून आलेली. फक्त त्या जुन्या माणसांना एक पेच माहीत नव्हता: बाहेरचा खडक मऊ असेल तर कडं फुगून बाहेर सरकतं आणि पाइपाला सोडतं. भरायला गेलो फट, पाडून बसलो फट.

आज कुठल्याही मोठ्या सेवा कंपनीकडे ताणाचं संगणकीय गणित करून मिळतं. रंगीत चित्रं येतात, हिरवं म्हणजे सुरक्षित. माझं मत विचाराल तर त्या चित्राखाली एक ओळ आधी वाचावी: सुरुवातीचा ताण किती धरला आहे? कुणी शून्य धरतो, कुणी पातळ स्लरीचा पूर्ण दाब, कुणी छिद्रांतल्या पाण्याचा. तीच विहीर, तोच पाइप, तेच सिमेंट. एका गृहीतकाने कडं हिरवं, दुसऱ्याने लाल. गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळांतून घट्ट होत असलेल्या सिमेंटमधला ताण थेट मोजण्याची धडपड चालू आहे, केसिंगमागे प्रकाशतंतू सोडूनही बघतात. हे काम मला चंद्रावर जाण्याइतकंच मोलाचं वाटतं, बक्षीस मात्र त्याला कुणी देणार नाही.

आता या धंद्यात शिरणाऱ्या मुलामुलींना मी दोनच गोष्टी मागतो. केसिंगची दाबचाचणी शक्य तिथे प्लग बसताक्षणी उरकून घ्या, सिमेंट पातळ आहे तोवर; दोन दिवसांनी घट्ट कड्यावर पाइप फुगवू नका. आणि प्रयोगशाळेच्या कागदावर ताकदीच्या शेजारी ताठरपणाचा आकडा मागून घ्या. मागितल्याशिवाय तो मिळणार नाही. जी वर्गाच्या सिमेंटच्या प्रमाणपत्रात अजूनही तेच लिहिलेलं असतं: 8 तासांनी, 38 अंशांवर 300 पीएसआय, 60 अंशांवर 1,500. ताठरपणाची अट त्यात नाही, आकुंचनाची नाही, ताणाचीही नाही.